रकाना

हेल्युबाई नऊ आकडे वाचून दाखवतात,
बादलीतले मासे मोजावेत तसे, एकेक उचलून.
“चार. एक. शून्य… की हा ओ आहे?”
शून्यच. यात ओ नसतो कधी.
“मग तसा दिसतो कशाला?”

तार्तूत सकाळचे सव्वाआठ, खिडकीबाहेर रात्रच.
माझ्या हेडफोनचा उजवा कान मुका आहे,
म्हणून हीउमा बेट मला फक्त डावीकडून ऐकू येतं:
किटली, कुठलं तरी दार, गोठलेल्या समुद्राकाठचं स्वयंपाकघर
आणि त्यात एक कॉम्प्युटर,
ज्यात काल रात्री, त्या म्हणतात, बर्फ पडला.

आता एक चौकट येईल. ‘परवानगी द्या’ दाबा.
“परवानगी काय मागतेस पोरी, फोन मीच केलाय ना?”
तरी दाबा.
मग त्यांचा पडदा माझ्या पडद्यावर उतरतो
आणि मी उंबऱ्यात चपला काढाव्यात
तशी क्षणभर थांबते.

मागे फोटो. बर्फावर उभा एक माणूस, हातात लांबडा मासा,
उन्हामुळे डोळे मिटलेले.
फोटोभर चिन्हांची गर्दी: औषधं, वीजबिल, औषधं २,
नवीन फोल्डर, नवीन फोल्डर, नवीन फोल्डर.
माशावरसुद्धा दोन.
त्याच्या चेहऱ्यावर एकही नाही.

माऊस सोडा, हेल्युबाई.
“सोडला.”
बाण थरथरतो. मी डावीकडे नेते, तो उजवीकडे जातो.
“सोडलाय गं. हात नुसता वर ठेवलाय.”

फाइलचं नाव ‘तापमान’.
दीपगृहाजवळच्या वेधशाळेत त्या पारा वाचायच्या.
वेधशाळा बंद झाली, पगार थांबला,
पारा काही थांबला नव्हता, मग त्या तरी का थांबतील?
एकोणचाळीस वर्षांच्या वह्या त्यांनी दोन बोटांनी इथे उतरवल्या.
आणि आता तारखांच्या जागी वरपासून खालपर्यंत
#######
#######
“बघ. सगळं गाडलं गेलं.”

उपाय मला पहिल्याच क्षणी दिसला.
बोलले नाही.
त्या रडत होत्या, आणि दोन क्लिकचं उत्तर
अशा वेळी उद्धट वाटतं.

काही गेलेलं नाही, मी म्हटलं मग.
रकाना अरुंद झालाय. तारखा आत मावत नाहीत, एवढंच.
रेघ धरली, जराशी ओढली,
आणि फावड्याने वाट मोकळी व्हावी तसे
दिवस वर आले, एकामागून एक, आपापल्या थंडीसकट.
पलीकडे किटली शिट्टी मारत राहिली. कोणी उतरवली नाही.

नीट आलंय का पाहायला मी खाली गेले.
जायला नको होतं बहुतेक.
२६ फेब्रुवारी. उणे सात पूर्णांक दोन.
बर्फावरचा रस्ता उघडला. एल्मार पलीकडे गेला.
त्या रस्त्यावर गाडीत पट्टा बांधायचा नसतो,
हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.
दार उघडून उडी घेता यावी म्हणून.

खाली नऊ ओळी कोऱ्या.
मग: उणे तीन. वारा नैऋत्येचा.
टाइप केलेल्याला वळण नसतं,
तरी अक्षर बदललेलं दिसत होतं.

“बाण थांबला. नेट गेलं का तुझं?”
हो, मी म्हटलं. नेटच.
“हं,” त्या म्हणाल्या. “इथेही जातं अधूनमधून.”

काम संपलं होतं. मी निरोपाचं ठरलेलं वाक्य सुरू केलं,
तेवढ्यात पलीकडे काच खरवडल्याचा आवाज.
“नुर्र आहे. मांजर. तुझा बाण पकडतोय मघापासून.
घाई नसेल तर हलव ना थोडा.”

मी हलवला.
त्या नऊ कोऱ्या ओळींवरून, इकडून तिकडे,
आणि डाव्या कानात एक म्हातारी बाई हसत होती.

नोंद: ४१ मिनिटे. तक्रार सुटली, होय.
कारण: रकाना अरुंद.