तीन बिया

कंपालाच्या उत्तरेला, पहाटे सहाला
नालवोगा शिडी लावते केळीला.
केळफुलाची एक पाकळी उचलून
रानकेळीचे पराग बोटानेच फासते,
तीट लावावी तसे.
साडेनऊनंतर उपयोग नाही.

रानकेळीत बियाच बिया, दात पडतील अशा;
पण तिला करपा शिवत नाही.
आमच्या केळीला बी धरणं ठाऊकच नाही.
खाणाऱ्यांनीच तिला वांझ करून ठेवलं,
पिढ्यान् पिढ्या, मऊ मऊ म्हणत.

चार महिन्यांनी घड उतरतात.
पिकवतो, चिवडतो, चाळणीत धुतो.
सेबुलिबा मोजायला बसतो:
ऐंशी घड, तीन बिया.
त्यांतली एक पोकळ.

उरलेल्या दोघींचे गर्भ मी सुरीने सोडवले,
काचेच्या नळीत निजवले, दिव्याखाली.
एकीला बुरशी लागली.
एक हिरवी झाली.

रात्री आई मटोकेचं पान सोडते,
वाफेआडून विचारते,
वर्षभर काय केलंस गं?
मी म्हणते, एक केळ.

ती हसत सुटते. तिच्या परसात
कुणी न विचारता चाळीस उभ्या आहेत,
पानांच्या कडा काळ्या पडलेल्या.