जिभेवर नऊ व्होल्ट

साडेपाचला मीटर काढला,
तर मीटरचीच बॅटरी उतरलेली.
सदाशिव पेठेतलं सभागृह, इथे सहा म्हणजे सहा;
पहिल्या रांगेत रुमाल कधीच पडलेत.

मग जीभ. तापकीर गल्लीत धोत्रेमामांनी शिकवलेली:
चौकोनी सेलची दोन्ही टोकं टेकवायची.
नवा असला तर थोबाडीत देतो,
अर्धा झालेला चिमटा काढतो,
संपलेला नुसता लागतो, पत्र्याच्या डब्यासारखा.
आणि चार्जिंगवाल्यांचं काही खरं नाही, म्हणायचे,
शेवटपर्यंत "मजेत आहे" सांगतात
आणि मटकन खाली बसतात.

कॉलर माइकचा: चिमटा, पण जोरात. मध्यंतरापर्यंत नक्की.
इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यातले पेन्सिल सेल
टेबलावर उभे सोडून पाहिले.
एक चेंडूसारखा उडाला. तो बाद.

तेवढ्यात कुमुदिनीबाईंनी कानातून यंत्र काढलं,
माझ्या तळहातावर ठेवलं.
"हेही बघ रे. याचं कशावरून कळतं?"
वाटाण्याएवढं. अजून कोमट.

याला जीभ चालत नाही.
मूठ मिटायची आणि थांबायचं.
जीव असेल तर शिटी मारतं.

तीस वर्षं मी या शिटीच्या मागे धावतोय,
स्पीकर सरकवतोय, फेडर खाली ओढतोय,
कोथरूडला एकदा ती वाजली
तर अर्धं पाकीट कापलं होतं माझं.
आज मूठ कानाशी धरून
तिचीच वाट बघत उभा.

वाजली. बारीक.
पेटीवरचा श्रीरंग म्हणाला, "काळी पाच. जरा चढी."
बाईंना काही ऐकू आलं नव्हतं,
आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होत्या.
मी मान डोलावली.

"कालच स्टिकर काढलाय," यंत्र बसवत म्हणाल्या,
"एकदा काढला की वापरा नाहीतर ठेवा, उतरतोच मेला."
आणि पडद्याकडे निघाल्या.

गाणं कसं झालं, मला विचारू नका.
मी हिरव्या दिव्याकडे बघत होतो
आणि त्यांच्या डाव्या हाताकडे,
कानाशी जातो का.
एकदा गेला.
केस मागे सारले फक्त.

तो बाद झालेला पेन्सिल सेल
रात्री ओट्यावरच्या घड्याळात घातला.
मालकंस त्याला झेपला नसता.
सेकंदकाटा ढकलतोय.
संक्रांतीपर्यंत जाईल असं वाटतं.