टाच

पत्र आलं तेव्हा मी स्टेपलरमध्ये पिना भरत होते.
राज्याचा शिक्का, चार पानं, आणि तिसऱ्या पानावर
साहेब ज्याची वाट बघत होते ते वाक्य :
नऊ नोव्हेंबरपासून संस्था नियमांत बसते.
फेरतपासणी अठराला झाली होती,
पण तारीख आम्ही कळवलेलीच धरली.

म्हणजे दंड आठ तारखेला थांबला.
मी बोटांवर मोजलं, मग यंत्रावर.
सप्टेंबरचे पाच, ऑक्टोबर अख्खा, नोव्हेंबरचे आठ.
चव्वेचाळीस दिवस, रोजचे सातशे डॉलर.
अपिलाचा हक्क सोडला तर पस्तीस टक्के सूट.
साहेबांनी सोडला. पेन माझंच होतं.

सुरुवात ऑर्विल हॅडिक्सच्या डाव्या पायापासून झाली.
सव्वीस सप्टेंबरला तपासनीस बाईंनी मोजा उतरवला
आणि कुणाकडेही न बघता विचारलं,
यांना कुशीवर शेवटचं कधी वळवलं?
तक्त्यावर दर दोन तासांनी सही होती,
सगळ्या सह्या एका शाईच्या, एका दमात केलेल्या.
खोली अकरा. खिडकीतून
खाणीच्या राखाडी टेकाडावर उगवलेली झुडपं दिसतात.

मग ते चव्वेचाळीस दिवस.
सरकारनं नव्या पेशंटांचे पैसे अडवले,
तेव्हा नवे पेशंट आलेच नाहीत; नऊ खाटा रिकाम्या.
चार्ल्सटनहून एजन्सीच्या दोघीजणी आल्या,
त्यांतली ओडेसा रात्री बुटांचा आवाज न करता चालायची.
सूप गरम यायचं.
घंटा वाजली की कुणीतरी यायचं, इतक्या लवकर
की टॉलिव्हरबाई दचकायच्या
आणि कशाला बोलावलं तेच विसरायच्या.
दर बुधवारी ओडेसा जखमेशेजारी कागदी पट्टी धरायची :
चार पूर्णांक एक. तीन पूर्णांक आठ. तीन.
हे आकडे मी दंडाच्या वहीत, समासात लिहायचे.
माझं काम नव्हे ते.

हॅडिक्स तरुणपणी खाणीवर काट्यापाशी उभा असायचा.
काटा कंपनीचा,
हा कामगारांनी वर्गणी काढून नेमलेला.
वॅगनमागून वॅगन, फक्त बघायचं.
"काट्याला मी कधी हात लावला नाही," तो म्हणाला,
"मी शेजारी असलो की तो खरं बोलायचा.
मला फ्लू झाला त्या आठवड्यात
अख्ख्या डोंगरातला कोळसा हलका झाला."

दहा नोव्हेंबरला ओडेसाचा करार संपला.
बाराच्या रात्री मी बिलं जुळवत उशिरा थांबले होते.
अकरा नंबरची घंटा वाजली. मी घड्याळ बघितलं,
सवयच ती.
चाळीस मिनिटं.
मी उठू शकले असते.
मी हिशेबनीस आहे, माणूस वळवायचं शिक्षण मला नाही,
हे वाक्य मी चाळीस मिनिटं घोटत बसले.

आज बुधवार. साहेबांनी केक मागवला, सुटलो म्हणाले.
इमारतीवर टाच येईल अशी त्यांना धास्ती होती,
ती टळली. खाटा भरल्यात.
दंड किती दिवस टिकला, ते पत्रात आहे.
ओडेसा किती दिवस टिकली, तेही त्याच पत्रात आहे,
वाचता आलं तर.

जेवणाच्या सुट्टीत मी कागदी पट्टी घेऊन अकरात गेले.
हॅडिक्सनं माझ्या हाताकडे बघितलं,
वॅगन येताना बघावं तसं.
"कंपनीकडून आलीस की आमच्याकडून?"
मला उत्तर सुचलं नाही. गुडघे टेकले,
करड्या लोकरीचा मोजा हळूहळू खाली ओढला.
जरा वेळानं तोच म्हणाला,
"मोजा, मिस लोरीन."

तीन पूर्णांक चार.
तारीख मी आजचीच घातली.