असळजच्या अलीकडं

पहाटे पाचला फुलेवाडीचा नाका सोडला
तेव्हा दंडावरचा सेन्सर एकशे अठ्ठेचाळीस म्हणत होता.
निघताना असावा असा आकडा.
हँडलच्या पिशवीत इन्सुलिनचं पेन,
वैजयंतानं ओल्या फडक्यात गुंडाळून वर रबर लावलेलं,
मागच्या खिशात राजगिऱ्याच्या दोन वड्या
आणि ग्लुकोजची पुडी, जी बालिंग्याच्या पुलावरच पडली
हे मला अजून ठाऊक नव्हतं.

गगनबावडा, जाऊन येऊन एकशे दहा.
लोकांना वाटतं सायकल पायानं चालते.
माझी हिशोबानं चालते.
कुठल्या चढाआधी किती घास,
पोटात टोचलेलं कधी जागं होणार,
वारं पाठीमागून असलं तर काय, तोंडावर असलं तर काय.
दिवसा मार्केट यार्डात गुळाचे रवे लिहितो,
तीस किलोला एक रेघ.
रात्री दुसऱ्या वहीत स्वतःला.

सतरा वर्षं पेढीवर.
शर्टाला वास, केसांना वास, माश्यासुद्धा ओळखीच्या,
जीभ तेवढी कोरी.
चौदाव्या वर्षी सीपीआरच्या खाटेवर डॉक्टरांनी नाव सांगितलं आजाराचं,
तेव्हा बापानं, ज्यानं गुळव्या म्हणून काहिलीपुढं जन्म काढला,
दोन्ही हात पाठीमागं नेले.
भरवल्यानं होत नाही हे, असं डॉक्टर सांगत राहिले.
हात पुढं आलेच नाहीत.

कळ्याला बिनसाखरेचा चहा, एक वडी.
दुसरी कधी संपली आठवत नाही.
उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, वर बसलेली पोरं:
"भावा, सोड ती सायकल, बस मागं!"
मी हसलो, बहुतेक.
अठ्ठ्याण्णव.
एक्क्याऐंशी.
मग घाम गार झाला.
रस्त्याकडेच्या दगडावरची अक्षरं ओळखीची होती
पण त्यांचा शब्द होईना.
खिशात हात घातला, खिसा होता, पुडी नव्हती.

फोन.
"खाली बसा. आधी बसा, मग बोला."
मला तिचा संताप आला.
तो संताप माझा नसतो, छासष्टचा असतो,
अकरा वर्षांत हे ती शिकली, मी नाही.
दोन्ही बाजूंना ऊस उभा, पुरुषभर,
आणि मध्ये मी, कोरडा ठाक.

धूर दिसला म्हणून गेलो.
चुलवाणात चिपाड ढकलणारी बाई वर बघून म्हणाली,
"पाव्हणं, रंग उडालाय की तुमचा."
मी म्हणालो, शुगर.
"आणि गुऱ्हाळावर आलाय व्हय?"
कमी, म्हणालो. कमी झालीय.
जीभ जड होती, तेवढंच जमलं.
तिनं पुढं विचारलं नाही. आधी रस दिला, जर्मनचा तांब्याभर.
मग उसाच्या पाल्यावर गरम गूळ.
"फुकून खावा."

ग्लुकोज शेकडो वेळा खाल्लंय, औषध आहे ते.
गूळ नाही. सव्वीस वर्षांत नाही.

चिपाडाच्या ढिगावर बसलो, हात थरथरत.
ती सासऱ्याचं सांगत होती, शुगरनं अंगठा गेला,
तरी चोरून काकवी पितो म्हातारा.
मध्येच विचारलं, "आता किती?"
एकाहत्तर.
थोड्या वेळानं पुन्हा.
चौऱ्याऐंशी.
"भाव चढाय लागला म्हणा की!"
यार्डातल्या माणसाला यावर हसावंच लागतं.

पैसे घेतले नाहीत.
गूळ जरा करपट होता, तळाला लागलेला.
सतरा वर्षं मी प्रत लिहितो, एक नंबर, दोन नंबर,
रंग बघून, कणी बघून, दुसऱ्याच्या तोंडावर विसंबून.
हा दोन नंबर.
तिला सांगितलं नाही.
पाल्याला चिकटलेलं मात्र बोटानं काढून खाल्लं,
त्याची त्या क्षणी गरज नव्हती.

वैजयंताला घरी आकडा दिसतच होता, तरी तिनं विचारलं,
परत फिरताय ना?
रस्त्यावर आलो. उन्हं दगडावर पडली होती.
गगनबावडा, चौदा.
वाचता आलं.