न्यायचे राहिलेले जोड

कुडचडे बाजारात, नारळवाल्याला लागून
आमचं दुकान, दोन पावलं रुंद.
बाबा गेल्यावर ऐरण मी पुढ्यात ओढली.
तीन पायांची, लोखंडी,
प्रत्येक पाय वेगळ्या मापाचा.

जोडा आला की आधी उलटा करायचा, हे बाबांचं.
कोण आतून झिजवतं, कोण बाहेरून.
पाद्री टाचेवर चालतात.
पोदेराचा चवडा जातो, सायकलीच्या पॅडलनं.

वरच्या फळीवर न नेलेले.

सांतान फुर्तादोचे बोटीवरचे ऑक्सफर्ड:
नाडीची पाच-पाच भोकं, अख्ख्या चामड्याचा तळ,
कडेनं दुहेरी शिवण. असा जोडा उसवून
पुन्हा शिवता येतो, वीस वर्षांनीही.
हल्लीचे गोंदावर उभे,
एका जूनमध्ये जबडा उघडतात.

इव्हेटच्या लग्नाच्या सँडली. टाच साडेतीन इंच होती.
आठवडाभर आधी आली, म्हणाली, अर्धा इंच काप.
दोन दिवसांनी, आणखी अर्धा.
नवरा केवढा, मी विचारलं नाही.
पुढं काय झालं तेही नाही.

फुटबॉलचा एकच बूट, डावा.
दोन स्टड मी जुन्या टायरचे बसवलेत.

शाळेचा बूट, उजव्याखाली सव्वा इंच कॉर्क.
हा लहान झाला म्हणून राहिला.
नवा घालून शर्मिला गेली तेव्हा
दोन्ही पावलांचा आवाज सारखा पडतो का,
वळणापर्यंत कान देऊन बसले होते.
नव्हता पडत. पुढच्या जूनला बघू.

आणि खाली, एकटे, गुणो वेळीपचे खाणीतले बूट.
घोट्याच्या वर चार बोटं,
तेलावर न घसरणारा जाड रबरी तळ,
तोंडात पोलादी वाटी.
शिवणीत सुई घातली तर टोक अजून तांबडं निघतं.
उजव्या चवड्यावर पोचा.
खाण बंद पडली त्या आठवड्यात टाकले होते,
टाच बदलायला.

परवा गुणो आला. आता बाणावलीच्या हॉटेलात गेटवर आहे,
काळे बूट पाहिजेत.
"हेंच दी. पूण ती वाटी काड.
दीसभर उबें रावचें आसा."

मी बूट ऐरणीवर चढवला, ठोकून बघितला.
म्हटलं, वाटी काढली तर तोंड बसेल,
सगळा बूट तिच्यावरच बेतलेला आहे.

तो पोच्यावर अंगठा फिरवत राहिला.
दगड केवढा होता?
हातांनी दाखवला, नारळाएवढा.
मग हात थोडे लांब नेले.

"काळें पॉलिश कितलें?"
तीस.
अर्धी डबी गेली. तांबडं खालून येतच राहिलं.

मडगावच्या बसच्या पायरीशी
त्यानं दोन्ही पाय आपटले,
माती झाडल्यासारखे, आणि चढला.

टाचेचे पैसे अजून यायचेत.