खाच

तापकीर गल्लीत बागमार म्हणाला, "लागेल हो ताई,
मेमरी ती मेमरी, काय नाही लागत?"
मी अठरा वर्षं भोसरीत गेज लावून माल तपासते.
"लागेल" या शब्दावर एक खोकंसुद्धा सोडत नाही.

पिशवीतून यादी काढली.
कुठली काडी चालते, कुठली नाही,
मदरबोर्डवाल्यांनीच केलेली,
झेरॉक्समध्ये एकोणतीस पानं, अक्षर मुंगीएवढं.
काउंटरवर पसरली, पेन्सिल घेतली.
मागचं गिऱ्हाईक हसलं.
अन्वय हसला नाही. पानं धरून उभा राहिला,
पंख्याने उडू नयेत म्हणून.

तो मला काही म्हणत नाही.
म्हणजे हाक मारत नाही.
चार वर्षांत त्याने मराठीतली सगळी
बिनकर्त्याची वाक्यं शोधून काढलीत:
"जेवायला बसायचं का?" "किल्ली कुठे ठेवलीये?"
"आज उशीर होणार का?"
तू नाही, तुम्ही नाही. व्याकरणाच्या बोळातून
अंग चोरून जातो, मला धक्का न लावता.
मीही विचारलं नाही. सोळा वर्षांच्या मुलाला
काय काय विचारणार.

"शेवटची दोन अक्षरं बघायला हवीत," तो म्हणाला,
कुणी, ते नेहमीप्रमाणे गाळून.
बरोबर होतं. नंबर तोच, शेपूट वेगळं,
आणि शेपूट बदललं की आतली चिप बदलते.
बागमारने तिसऱ्यांदा पोरगा माळ्यावर चढवला.
एकाच पाकिटातली जोडी हवी, सुट्या नकोत,
कारण दोन वेगांच्या लावल्या
तर दोघी हळू असेल तिच्या चालीने चालतात.
"लग्नासारखं," बागमार म्हणाला,
आणि पाच टक्के सोडले.

धायरीत, घरी, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र.
बोर्डाचा खोका उघडायच्या आधी
त्याने कंपासपेटी उघडली.
कर्कटकाशेजारी, चांदीच्या कागदात, एक जुनी काडी.
हिरवी. दोन जीबी.
आईच्या कॉम्प्युटरमधली, म्हणाला.
ती आता बडोद्याला असते. त्या मशीनवर रात्री बसून
लोकांचे रिटर्न भरायची.
हे मला या घरात कुणी सांगितलं नव्हतं.
आत्ता कळलं.

त्याने ती खोबणीवर नुसती धरली.
खाच जुळत नव्हती, बोटभर अंतर.
माझा हात पुढे गेला, सवयीने, जोर नको द्यायला सांगायला.
तो जोर देतच नव्हता.
"माहितीये नाही बसणार. आणि वीज गेली की
हिच्यात काही उरतही नाही. नुसतं बघत होतो."
पुन्हा कागदात, पुन्हा कर्कटकाशेजारी.
कपाटात ठेवू का, विचारलं. नको म्हणाला.

मग नवी जोडी. दुसरी खोबण आणि चौथी,
पुस्तकात तसंच आहे, पहिली-दुसरी नाही.
टक्. टक्.
बटण. पंखे फिरले. पडदा काळा.
एक मिनिट काळा. दोन.
भोसरीत एवढ्या वेळात मी अख्खा लॉट नापास केला असता.
मनात यादीचं सतरावं पान चाळलं,
शेपूट चुकलं का, पाकीट बदललं का,
उद्या गुरुवार, दिवसभर वीज नाही,
बागमार परत घेईल का,
आणि बोट बटणाकडे गेलं.

"तू बंद नको करूस," पडद्याकडे बघत तो म्हणाला.
"पहिल्यांदा वेळ लागतो. शिकत असते ती."

मी बोट मागे घेतलं.
वर्तमानपत्राची घडी नीटच होती,
ती पुन्हा नीट केली.

मग अक्षरं उमटली. बत्तीस जीबी.
पाकिटावर वेग सहा हजार,
धावतेय अठ्ठेचाळीसशेने.
"सेटिंग बदलावं लागेल," मी म्हटलं.
"असू दे आज," तो म्हणाला.