कौल

गावडोंगरीच्या वर, जिथं बस वळून परत जाते,
तिथून चालत पाऊण तास.
चिरे डोक्यावरूनच न्यावे लागले.
एकोणीस पाहुणे, बारा दिवस,
आणि दुभाषी मी,
कारण शाळेत इंग्रजी मी शिकवतो
आणि हेडमास्तरांना नाही म्हणता येत नाही.

त्यांच्या शर्टांवर घराचं चित्र होतं,
उतरतं छप्पर, त्यावर धुराडं.
सोमावती वेळीपनं बोट ठेवून विचारलं,
"हें कितें?"
धूर जायला, मी म्हटलं.
तिला नवल वाटलं,
धुराला कधी वाट दाखवावी लागते?

हेन्रिक सदुसष्ट वर्षांचा. डेन्मार्कात ट्राम चालवायचा.
तिसऱ्या दिवशी घमेलं त्याच्या हातून सुटलं,
मग तो जोत्यावर बसून
ओळंब्याकडे बघत राहायचा,
तो स्थिर होईपर्यंत.

उत्तरेच्या भिंतीत सातवा थर वाकडा गेला.
शाबा मेस्तानं पाहिलं, विडी पेटवली,
"पडची ना," म्हणाला. "दिसतली मात."

छप्पर चढवायच्या दिवशी माणसांची रांग केली.
कुणीतरी विचारलं, याला काय म्हणता?
मी म्हणालो, कौल.
इथं नळो म्हणतात; पण मी डिचोलीचा,
तोंडात पुस्तकातला शब्द आला.
दिवसभर मग एकोणीस तोंडं ओरडत होती,
कौल! कौल!
हातातून हातात, लाल धूळ उडवत.
काजूखाली बसलेले दोन म्हातारे
एकमेकांकडे बघून
हळूच देवळाच्या दिशेला वळले.

शेवटच्या दिवशी फोटो.
चौकटीला आंब्याची पानं, सगळे आत,
आणि जिचं घर ती बाहेर, फणसापाशी.
"कौल मेळूंक ना अजून," ती म्हणाली.

हेन्रिकला एवढा एकच शब्द कळला.
मान वर करून त्यानं ओळी मोजल्या,
मला विचारलं, किती कमी पडली?
उरलेल्या ढिगातलं एक, शर्टाला पुसून,
त्यानं दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

तेव्हा मी सांगायला हवं होतं:
पाषाणावर चिकटवलेल्या ओल्या पाकळ्या,
विचारलेला प्रश्न,
उजवी पडते की डावी, हे बघत थांबलेलं गाव.
मी म्हणालो, ती आभार मानते आहे.
पोरांच्या पेपरात
अशा भाषांतराला मी शून्य देतो.

तिनं कौल घेतलं. पदराखाली धरलं.
"विचार ताका,
हो हांगा आसतना ताच्या घरांत दिवो कोण लायता?"
हे मात्र मी जसंच्या तसं विचारलं.
कुणी नाही, तो म्हणाला.
इंगे गेल्यापासून यंत्र बसवलंय,
सहा वाजता दिवा आपोआप लागतो,
चोरांना वाटावं की घरात माणूस आहे.

मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प.
"चोरांखातीर दिवो," एवढंच म्हणाली,
आणि आत जाऊन, जुन्या खोपीत,
त्याच्यासाठी पेज घेऊन आली.
गाड्या खाली हॉर्न वाजवत होत्या.
तो सावकाश प्याला.

घर चाळीस दिवस रिकामं राहिलं.
वाऱ्यानं पाचोळा आत नेला, बाहेर आणला.
पहिल्यांदा पाकळी डावी पडली.
शिगमो सरल्यावर उजवी.

आता भाद्रपद.
कुणीतरी कुंपणावर विसरलेले रबरी हातमोजे घालून
सोमावती तिरफळं काढते.
काटे लागत नाहीत, पण घोस कळत नाही म्हणते,
एक हात मोकळाच ठेवते.
ते कौल पेजेच्या मडकीवर झाकण आहे.
वाकडा थर तसाच.

हेन्रिकला पत्र लिहायचं राहिलंय.
दोनदा बसलो.
दोन्ही वेळा त्याच शब्दापाशी अडलो,
एकदाच लिहू, की दोनदा,
आणि दोनदा लिहिला तर
पहिल्यांदा खोटं का बोललो, तेही.